आतल्या धारेचा चाकू

सायंकाळी दवाखाना आटोपला की बडोद्यातील माझ्या परसबागेत मी थोडा वेळ रमतो. त्या वेळी खिशात विळ्यासारख्या पात्याचा घडीचा चाकू असतो.

शस्त्रक्रियेतील १२ क्रमांकाचे पाते आपणांस परिचित आहे. टाका काढताना ते धाग्याखाली शिरते आणि ओढताच त्यास कापते. छाटणीच्या चाकूचे तत्त्व तेच. फांदी पात्याच्या कवेत राहते, टोकाकडे निसटत नाही.

शौकिनांच्या अपेक्षा मोजक्या असतात. वाक माफक हवा. फार वळलेले पाते अडकते. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण ते गंजते. स्टेनलेसला निगा कमी लागते. आतली धार सपाट दगडावर लागत नाही, त्यासाठी गोल कांडीच हवी.

सर्वांत महत्त्वाची खीळ. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातील जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये आपला लाकडी मुठीचा चाकू घडविला. उघडे पाते जखडणारी फिरती कडी मात्र १९५५ मध्ये आली. त्यांच्या छाटणीच्या चाकूलाही ती असते.

तिचे मोल मला एका नऊ वर्षांच्या रुग्णाने शिकविले. वडिलांच्या बिनखिळीच्या चाकूने तो पेरूची फांदी कापीत होता. अडकलेले पाते सोडविण्यासाठी त्याने ते उलट रेटले, तोच ते तर्जनीवर मिटले. तुटलेली कंडरा शल्यचिकित्सक मित्राने जोडली; तरीही ते बोट आज पुरते वाकत नाही.

तेव्हापासून चाकू घेताना मी आधी खीळ तपासतो, धार नंतर; आणि घरी तो मुलांचा हात पोहोचणार नाही अशाच जागी ठेवतो.