आपल्या जखिणीला सुपरहिरो कोण करणार?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड थोडा साफसूफ करून लिहिलाय. स्पॉयलर आहेत. 'लोका' बघायचा राहिला असेल तर आधी बघून या. जिओहॉटस्टारवर मराठी डबसुद्धा आहे, म्हणजे भाषेचं निमित्त चालणार नाही.

'लोका चॅप्टर १: चंद्रा' हा मल्याळम पिक्चर २८ ऑगस्ट २०२५ ला आला. दिग्दर्शक डॉमिनिक अरुण, निर्माता दुल्कर सलमान आणि मेन रोलमध्ये कल्याणी प्रियदर्शन. बजेट साधारण ३० कोटी, जगभरातली कमाई ३०० कोटींच्या घरात. मार्व्हलच्या एका मोठ्या पिक्चरच्या पैशात असे पन्नास तरी बनतील. मग चालला कशामुळं? माझं मत विचाराल तर हिरोईनला ताकद कुठून मिळाली आणि ती कुठं संपते, हे त्या लोकांना नीट ठाऊक होतं म्हणून.

मी दिवसभर कोड लिहितो. सिस्टीम काय करू शकते यापेक्षा काय करू शकत नाही, हे आधी ठरवावं लागतं. सुपरहिरोचंही तेच. ज्याला काहीच अडत नाही, त्याची मारामारी बघताना आपण मोबाईल काढतो. अलीकडच्या बऱ्याच पिक्चरमध्ये हे होतं. क्लायमॅक्सला आकाशात निळा प्रकाश दिसला की मला जांभई येते.

चंद्रावर बंधनं आहेत. ती बंगळुरूत नाईट शिफ्ट करते, दिवसाचं ऊन टाळते, रक्ताच्या पिशव्यांवर जगते. आणि ही बंधनं हॉलिवूडच्या व्हॅम्पायरकडून उचलली असं वाटतं न वाटतं तोच कळतं, की ही तर नीली. कळ्ळियंकाट्टु नीली ही केरळातल्या लोककथेतली यक्षी. वाटसरूंना भुलवून मारणारी, आईनं पोराला भीती घालावी अशी. पिक्चरनं प्रश्न उलटा विचारला: ती अशी का झाली? देवळात पाऊल टाकलं म्हणून राजाच्या माणसांनी जिच्या वस्तीचा जीव घेतला, ती पोरगी म्हणजे नीली. समोरचा व्हिलन नाचियप्पा हा पोलीस आहे, आणि बायकांनी रात्री बाहेर का पडावं, असं म्हणणारा आहे. म्हणजे हिरोईनची ताकद आणि व्हिलनचा राग, दोन्ही एकाच मुळातून येतात. असं लिहिणं सोपं नसतं.

तक्रार आहे का? आहे. दुसऱ्या अर्ध्यात पाहुणे कलाकार एवढे येतात, की गोष्ट थांबते आणि पुढच्या भागाची जाहिरात सुरू होते.

आता आपल्याकडं या. यक्षिणीची मराठीत झाली 'जखीण'. शब्द तोच, नातं तेच! शिवाय हडळ आहे, लाव आहे, मुंजा आहे, वेताळ आहे. मेलेल्या बाईचं नवरा असताना काय भूत होतं आणि विधवा असताना काय, इतकी बारीक वर्गवारी आपल्या लोकांनी करून ठेवलीय. बिचारीला मेल्यावरही कुंकवाचा हिशोब चुकत नाही. यातच एक पिक्चर दडलाय.

मराठीत प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. निखिल महाजनचा 'बाजी' ६ फेब्रुवारी २०१५ ला आला होता. श्रेयस तळपदे मुखवटा घालून, घोड्यावर. लोकाच्या दहा वर्षं आधी! त्याची पुढं मालिका झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मग २०२४ ला 'मुंज्या' आला, शंभर कोटींच्या वर गेला. भूत कोकणातलं, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, पिक्चर मात्र हिंदी. धंद्याचं गणित मला कळतं हो. पण आजीच्या तोंडच्या भुताला स्वतःची भाषा बोलायला हिंदीची परवानगी लागावी, हे काही बरोबर नाही.

माझं गाव कुरकुंभ, पुणे-सोलापूर हायवेवरचं. इथं फिरंगाई मातेचं देऊळ आहे आणि केमिकलची एमआयडीसी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी इथल्या एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं. तेव्हापासून ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की पोरं म्हणतात, "अरे, ते एमडीवालं का?" देवीचं नाव कुणी काढत नाही, नाईट शिफ्ट करून सकाळी डोळे चोळत घरी जाणाऱ्या कामगारांचं तर नाहीच.

म्हणून लोका बघताना मी मनातल्या मनात इथली स्क्रिप्ट लिहीत होतो. हायवे, रात्रीचे टँकर, नाकात बसणारा वास, आणि शिफ्ट संपवून एकटी चालत निघालेली एक बाई, जिला सगळं गाव जखीण म्हणतं. व्हिलन शोधायला परग्रहावर जावं लागणार नाही. बजेट तीस कोटींचं कशाला, तीनमध्येही होईल. उडायचं कुणाला आहे?

तुमच्या गावात रात्री कुणाच्या नावानं भीती घालतात? आणि ती बाई मुळात कोण होती, हे आजीला विचारा. व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. पुढच्या एपिसोडला त्यातल्या निवडक ऐकवतो.