नावाने गाठलेली ओळ : माउसविना कोडमधील संचार

संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या व्यक्तीचा बराच वेळ नव्या ओळी लिहिण्यापेक्षा आधी लिहिलेल्या ओळी वाचण्यात, शोधण्यात आणि पडताळण्यात जातो. कारण मोठ्या प्रोग्रामचा मजकूर, म्हणजेच कोड, शेकडो फाइलींत विभागलेला असतो आणि एका फाइलीतील ओळीचा अर्थ लावण्यासाठी दुसऱ्या फाइलीतील व्याख्या पाहावी लागते. हा मजकूर ज्यात लिहिला आणि दुरुस्त केला जातो त्या साधनाला कोड एडिटर म्हणतात. त्यात फिरण्याचे दोन मार्ग आहेत : माउसने पडद्यावरील जागा दाखवणे, किंवा कळफलकावरील ठरावीक कळा दाबून, म्हणजे शॉर्टकट वापरून, हवे असलेले ठिकाण मागून घेणे. वरवर पाहता हा केवळ सवयीचा प्रश्न वाटतो, परंतु या दोन मार्गांमागे विचार करण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत.

वेळेचा हिशेब प्रथम पाहता येईल. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल या संशोधकांनी 1980 मध्ये संगणकावरील कामाचा वेळ मोजण्यासाठी एक प्रारूप मांडले, ज्यात प्रत्येक काम छोट्या छोट्या हालचालींत विभागले जाते. त्यांच्या मोजणीनुसार सराईत टंकलेखकाला एक कळ दाबण्यास सुमारे 0.2 सेकंद, हात कळफलकावरून माउसवर नेण्यास 0.4 सेकंद आणि पडद्यावरील लक्ष्यावर बाण नेण्यास सरासरी 1.1 सेकंद लागतात. हात नेणे, बाण रोखणे, बटण दाबणे आणि हात परत आणणे यांची बेरीज दोन सेकंदांच्या आसपास जाते, तर दोन कळांचा शॉर्टकट अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. मात्र याच प्रारूपात सर्वांत मोठा आकडा निराळाच आहे : पुढे काय करायचे हे मनाशी ठरवण्यासाठी लागणारे 1.35 सेकंद. म्हणून जो शॉर्टकट आठवावा लागतो तो फारसा वेळ वाचवत नाही. जो बोटांत मुरलेला असतो, तोच कामाचा ओघ अखंड ठेवतो.

कळफलकावरून संचार करण्याची सर्वांत विकसित परंपरा ‘व्हीआय’ या एडिटरची आहे, आणि तिचा जन्म साधनांच्या टंचाईतून झाला. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तो लिहिला, तेव्हा सामान्य टर्मिनलला, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडलेल्या पडदा-कळफलकाच्या जोडीला, माउस नसे. जॉय घरून 300 बॉडच्या मोडेमवर, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी जोडणाऱ्या संथ उपकरणावर, काम करीत. त्यावरून सेकंदाला साधारण 30 अक्षरे येत असल्याने 80 अक्षरांच्या 24 ओळींचा पडदा पूर्ण भरण्यास मिनिटाहून अधिक काळ लागला असता. अशा स्थितीत प्रत्येक आज्ञा एक-दोन अक्षरांची असणे ही गरज होती. त्यांच्या एडीएम-3ए टर्मिनलवर एच, जे, के आणि एल या कळांवर दिशादर्शक बाण छापलेले होते. आजही या परंपरेत त्याच कळा कर्सरला, म्हणजे मजकुरातील चालू जागा दाखवणाऱ्या खुणेला, अनुक्रमे डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे नेतात. पुढे नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये ‘विम’ हा त्याचा सुधारित अवतार प्रसिद्ध केला आणि 2023 मध्ये निधन होईपर्यंत त्याची जोपासना केली.

या एडिटरांत दोन मुख्य अवस्था असतात : एकीत कळ दाबली की अक्षर उमटते, दुसरीत तीच कळ आज्ञा ठरते. आज्ञांच्या अवस्थेत एक छोटे व्याकरण चालते. ‘डी’ म्हणजे पुसणे, ‘सी’ म्हणजे बदलणे, ‘वाय’ म्हणजे नक्कल घेणे ही क्रियापदे होत, तर ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढील शब्दापर्यंतचा मजकूर हे कर्म होय. त्यामुळे ‘डी’ आणि ‘डब्ल्यू’ ओळीने दाबल्यास शब्द पुसला जातो आणि मध्ये 3 हा आकडा घातल्यास तीन शब्द पुसले जातात. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, येथे ते आरंभी येते, एवढाच फरक. विमने यात ‘कंसाच्या आतील सर्व काही’ किंवा ‘अवतरणचिन्हांमधील मजकूर’ अशी कर्मेही आणली. दहा क्रियापदे आणि दहा कर्मे शिकणाऱ्याला शंभर आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत, त्या त्याला रचता येतात.

मराठी मजकूर लिहिणाऱ्याला येथे एक खरी अडचण येते. देवनागरी लिहिण्याची इनस्क्रिप्ट ही कळफलक-मांडणी चालू असताना ‘जे’च्या कळेवर ‘र’ आणि ‘के’च्या कळेवर ‘क’ उमटत असल्याने आज्ञेच्या अवस्थेत विमला ती आज्ञा उमगत नाही. यासाठी विममध्ये ‘कीमॅप’ ही सोय आहे; योग्य कीमॅप फाइल जोडल्यास लिहिताना देवनागरी आणि आज्ञा देताना रोमन अक्षरे आपोआप वापरली जातात.

मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये आणलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारख्या आधुनिक एडिटरांत माउस आहे, तरीही नावाने ठिकाण गाठण्याचे तत्त्व त्यांत अधिकच विस्तारले आहे. विंडोजवर कंट्रोल आणि पी दाबून फाइलीच्या नावातील काही अक्षरे लिहिली की ती फाइल समोर येते. एफ 12 दाबताच कर्सरखालील नावाची मूळ व्याख्या उघडते, आणि आल्ट व डावा बाण दाबल्यावर पूर्वीच्या जागी परतता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळांनी आज्ञांची शोधता येणारी यादी उघडते, जिच्यात आज्ञेशेजारीच तिचा शॉर्टकट लिहिलेला असल्याने ही यादी शिक्षकाचेही काम करते. नवशिक्याने एकदम पन्नास शॉर्टकट पाठ करण्याऐवजी दिवसातून वारंवार लागणारे हे चार आधी बोटांत मुरवावेत आणि मग एकेकाची भर घालावी. चित्रे किंवा आकृत्या हाताळताना मात्र माउसच सोयीचा असतो, हेही मान्य करावे.

या पद्धतीचे सर्वांत मोठे महत्त्व वेगाच्या पलीकडे आहे. ज्यांच्या मनगटाला वा हाताला माउस पेलवत नाही त्यांना, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने काम करणाऱ्या दृष्टिहीन प्रोग्रामरांना, बाणाने जागा दाखवणे शक्य नसते किंवा अतिशय कठीण जाते. म्हणूनच संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सर्व सोयी कळफलकावरून वापरता याव्यात, अशी मूलभूत अट आहे. जागा दाखवायची तर ती आधी दिसावी लागते. नाव घ्यायला ते ठाऊक असणे पुरते. एडिटर घडवणारे प्रत्येक आज्ञेला कळफलकावरची वाट ठेवतात, तेव्हा सराईताचा वेळ वाचतो आणि त्याच वाटेने एखाद्याला हा व्यवसाय करणेच शक्य होते.