नाव कोठे लिहावे?

लग्नातल्या भांड्यांवर नाव काठाजवळ कोरायचे, हे आपल्याकडे सर्वांना पाठ असते. भांडे फळीवर स्वस्थ बसते. नाव कोठेही असले तरी सवडीने वाचता येते. खेळाच्या साहित्याची गोष्ट निराळी. ते फिरते, उलटते, धावते आणि त्यावरचे नाव मात्र मैदानाच्या पलीकडून वाचता यावे लागते.

सांगलीला माझा एक जुना विद्यार्थी टेनिसच्या चेंडूने खेळायच्या बॅटी बनवतो. परवा साताऱ्याहून मी त्याच्याकडे गेलो, तो स्वारी चिंतेत. माल गावोगावच्या सामन्यांत खेळला जातो, पण तो कोणाचा हे कोणालाच कळत नाही. त्यात एका व्यापाऱ्याने बजावले होते, "नाव इंग्रजीत घाला. मराठी अक्षरे बॅटीवर शोभत नाहीत."

"सर, खरेच शोभत नाहीत का?" त्याने विचारले. प्रश्न बॅटीचा, पण बोचला मराठीच्या मास्तराला!

आम्ही प्रथम जगाकडे पाहिले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्याच सुमारास फिनलंडच्या कार्हू कंपनीकडून तीन पट्ट्यांची खूण जर्मनीच्या आदिदासकडे गेली. बुटाला बळकटी देणारे बाजूचे पट्टे, तेच पुढे नाव झाले! १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने अवघ्या ३५ डॉलरांत काढलेली नाइकीची खूणही बुटाच्या बाजूवरच बसली. धावणाऱ्याचे पाऊल प्रेक्षकाला बाजूनेच तर दिसते. तात्पर्य, खुणेची जागा वस्तूच्या घडणीत आणि पाहणाऱ्याच्या नजरेत शोधावी.

मग बॅट हाती घेतली. क्रिकेटच्या नियमाप्रमाणे तिची रुंदी १०.८ सेंटिमीटरांहून अधिक असू शकत नाही. पुढची बाजू चेंडूच्या मालकीची. तेथे मधोमध नाव चिकटवले तर चार दिवसांत सोलून निघेल. उरली पाठ. पण पाठीला मधोमध कणा. त्यावर अक्षरे आडवी घातली तर अर्धी या उतारावर, अर्धी त्या! इंग्रजी अक्षरे एकाखाली एक रचता येतात. आपली तशी रचली की शिरोरेषा तुटते, आणि तिच्याबरोबर शब्दही.

येथेच वाट सापडली. बॅटीचा कणा हीच शिरोरेषा का मानू नये? उभ्या कण्याला अक्षरे टांगायची. एका उतारावर नाव मुठीकडून टोकाकडे, दुसऱ्यावर टोकाकडून मुठीकडे. बॅट कशीही आडवी धरा, एक नाव सुलटेच! अट एकच, शब्दाला वर मात्रा-वेलांटी नको. नमुन्यासाठी आम्ही "कृष्णा" हा शब्द घेतला. महाबळेश्वरी उगम पावून सांगलीच्या घाटाला लागणारी ही माउली. तिच्या नावात शिरोरेषेच्या वर काहीच नाही.

कागदी अक्षरे चिकटवून मैदानावर गेलो. सीमारेषेवर बसलेल्या एका पोराला विचारले, "काय लिहिलंय रे?"

"कृष्णा!" तो मानही न वळवता म्हणाला.

विद्यार्थ्याने त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला निरोप धाडला: पहिल्या खेपेची अक्षरे मराठीच असतील.