कार्यालय हलविताना आधी माणसांचा हिशेब

कार्यालय हलवायचे म्हणजे काय करायचे, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते. दोन टेम्पो सांगा, चार हमाल लावा, टेबल-खुर्च्या, कपाटे, पंखे उचला आणि नव्या जागेत नेऊन मांडा. आम्ही आयुष्यभर कारकुनी केली. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. सामान एका दिवसात हलते. माणसे हलायला वर्ष लागते आणि काही माणसे कधीच हलत नाहीत. म्हणून कार्यालयाच्या स्थलांतराचा हिशेब सामानापासून नव्हे, माणसांपासून सुरू केला पाहिजे.

हा विषय बड्या कंपन्यांचा, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. लोहा पूर्वी कंधार तालुक्यात होते, आज ते स्वतः तालुक्याचे ठिकाण आहे. नांदेड-लातूर हमरस्त्यावरचे हे गाव. एकेकाळी आपल्या लोकांचे कार्यालयाशी नाते शिपाई, सफाई कामगार किंवा फार तर कारकून एवढेच होते. आता आपली मुले-मुली सेवा केंद्रे चालवितात, विम्याची कामे करतात, लहान-मोठी गुत्तेदारी करतात. कोणी पतसंस्था काढली आहे, कोणी बचत गटाचे दप्तर सांभाळते आहे. जागा बहुधा किरायाची असते. मालक किराया वाढवितो, रस्ता रुंद होतो, धंदा वाढून जागा अपुरी पडते. मग एके दिवशी हलावे लागते. त्या दिवसाची तयारी आधी केलेली असेल तर धंदा वाढतो, नसेल तर पाच वर्षांची कमाई पाच महिन्यांत जाते.

मुंबईचा बाजार हलला तेव्हा

महाराष्ट्रातील सर्वांत मोठे व्यापारी स्थलांतर आपण पाहिलेले आहे. मुंबईतील मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागांत घाऊक बाजार होते. अरुंद रस्ते, ट्रकांच्या रांगा, हमालांची गर्दी यांमुळे दक्षिण मुंबई कोंडून गेली होती. म्हणून हे बाजार नवी मुंबईत वाशीला नेण्याचे ठरले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली गेला. फळे व भाजीपाल्याचा बाजार जायला १९९६ साल उजाडले. म्हणजे एकाच शहरातले, खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचे काम, पण त्याला पंधरा वर्षे लागली. व्यापाऱ्याला जुनी पेढी सोडवत नव्हती, कारण त्याचे गिऱ्हाईक जुन्या पेढीच्या रस्त्याला सरावलेले होते.

या बाजारात पाठीवर पोती वाहणारे हजारो माथाडी कामगार होते. त्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झालेला होता. कामगार संघटित होते, त्यांची नोंद मंडळाकडे होती. म्हणून बाजार हलला तेव्हा कामगारांना विचारात घ्यावेच लागले. पुढे कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडींसाठी घरे उभी राहिली. काम जिथे गेले तिथे कामगाराच्या डोक्यावर छप्परही गेले. सर्वांना सर्व मिळाले असे आम्ही म्हणणार नाही, परंतु नोंद असलेल्या आणि संघटित कामगाराला स्थलांतरात स्थान मिळते, हा धडा मोठा आहे. नोंद नसलेला माणूस जुन्या जागेतल्या केरासारखा मागे राहतो.

सुरतचा धडा

दुसरे उदाहरण अलीकडचे. हिऱ्यांच्या व्यापारासाठी सुरतेत एक प्रचंड इमारत बांधली गेली. नऊ मनोरे, चार हजारांहून अधिक कार्यालये. १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुंबईचा हिरे व्यापार आता सुरतला जाणार, अशी चर्चा झाली. एका फार मोठ्या हिरे कंपनीने आपला मुंबईतला कारभार तिकडे नेलाही, आणि २०२४ च्या सुरुवातीलाच तो पुन्हा मुंबईत आणण्याची वेळ तिच्यावर आली. इमारतीत काही कमी नव्हते. पण खरेदीदार मुंबईतच येत होते. मुंबईतल्या भारत डायमंड बोर्समध्ये २०१० पासून बाजार स्थिरावला होता. जागा तयार होती, माणसे यायला तयार नव्हती.

ज्यांच्याकडे कोट्यवधी रुपये आहेत त्यांना परत फिरता येते. आपल्या माणसाला एकदाच अनामत भरता येते, एकदाच फलक रंगविता येतो. म्हणून आपली योजना त्यांच्यापेक्षा पक्की असली पाहिजे.

आधी वही, मग जागा

नवी जागा शोधण्यापूर्वी एक महिना वही ठेवा. रोज कोण आले, कोणत्या गावाहून आले, कशाने आले, एवढेच लिहा. महिन्याच्या शेवटी कळेल की निम्मी माणसे एस. टी. ने येतात की मोटारसायकलवर, बाजाराच्या दिवशी येतात की पगाराच्या दिवशी. मग जागा त्या वहीप्रमाणे शोधा. ज्याची गिऱ्हाइके खेड्यांतून एस. टी. ने येतात त्याने किराया दोनशे रुपये कमी म्हणून बसस्थानकापासून दोन किलोमीटर लांब जाऊ नये.

आमच्या पाहण्यातील एका संस्थेने तळमजला सोडून दुसऱ्या मजल्यावर ऐसपैस जागा घेतली. संचालक मंडळाला बसायला स्वतंत्र खोली झाली. पण निराधार योजनेच्या पैशातून पन्नास-शंभर रुपये ठेवणाऱ्या म्हाताऱ्या आयाबाया जिना चढेनात. त्या काही भांडल्या नाहीत, तक्रारही केली नाही. फक्त यायच्या बंद झाल्या. त्यांची ठेव लहान होती, पण संस्था त्यांच्याच नावाने काढलेली होती.

जागा पाहताना या गोष्टी पाहाव्यात. पायऱ्या किती आहेत? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? प्यायचे पाणी आहे का? पावसाळ्यात छत गळते का? वीजजोडणी व्यापारी वापराची आहे का आणि आधीचे बिल थकलेले तर नाही ना? जागा दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहावी. मालकाने आडनाव विचारून तोंड फिरविल्याचे अनुभव आपल्या तरुणांना आजही येतात. त्यासाठी एकाच जागेवर विसंबून राहू नये, दोन-तीन जागांची बोलणी चालू ठेवावी, आणि ठरले की शब्दावर न थांबता कागद करावा.

करार आणि कागद

तो कागद म्हणजे नोंदणीकृत करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. पुष्कळ जण साध्या मुद्रांक कागदावर अकरा महिन्यांचा मजकूर लिहून मोकळे होतात. उद्या वाद झाला तर तो कागद दुबळा ठरतो. अनामत किती दिली, ती कधी परत मिळणार, किराया दरवर्षी किती वाढणार, जागा सोडायला किती महिन्यांची सूचना द्यायची, या चार गोष्टी करारात स्पष्ट असाव्यात. अनामत रोख देऊ नका, बँकेमार्फत द्या.

त्यानंतर पत्ता बदलण्याचे काम. जीएसटी नोंदणी असेल तर व्यवसायाच्या मुख्य जागेतील बदल पंधरा दिवसांच्या आत कळवावा लागतो. पतसंस्था किंवा अन्य सहकारी संस्था असेल तर पत्त्यातील बदल तीस दिवसांच्या आत निबंधकांना लेखी कळवावा. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदीतही दुरुस्ती करावी. आपले सरकार सेवा केंद्र ठरावीक ठिकाणासाठी मंजूर झालेले असते, त्यामुळे ते हलविण्यापूर्वी परवानगी घ्यावी, नंतर नव्हे. बँक, विमा कंपनी, वीज कंपनी यांनाही पत्र द्यावे. टपाल नव्या पत्त्यावर वळविण्यासाठी डाकघरात अर्ज द्यावा. आणि प्रत्येक पत्राची पोच घेऊन एकाच फाइलला लावावी. कारकुनाचा धर्म पोचपावतीत आहे.

फलक मराठीत, देवनागरीत आणि ठळक असला पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, हा नियम सर्व दुकानांना व आस्थापनांना लागू आहे.

दप्तर हलविण्याची रीत

दप्तर हलविताना घाई नको. आधी यादी करा. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या आणि कोणत्या खोक्यात काय आहे ते वहीत उतरवा. नुसते “जुने कागद” असे लिहू नका, “ठेव पावत्या, २०१८ ते २०२१” असे लिहा. संगणकातील माहितीच्या दोन प्रती काढा. एक प्रत कार्यालयात, एक घरी. रोकड, धनादेशपुस्तके, शिक्के आणि लोकांची मूळ कागदपत्रे टेम्पोत टाकू नका. ती दोन जबाबदार माणसांनी सही करून हाती न्यावीत. लोकांचा जातीचा दाखला किंवा गुणपत्रिका आपल्याकडे असेल तर हलण्यापूर्वीच ज्याची त्याला परत करावी. आपल्या घरांत त्या एका कागदावर मुलाची शिष्यवृत्ती अवलंबून असते.

दिवस निवडताना पंचांग पाहू नका, गिऱ्हाइकाचे वेळापत्रक पाहा. मार्चअखेर नको, बाजाराचा दिवस नको, पगाराचा आठवडा नको. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते. त्या दिवसांत रस्ता भरलेला असतो, वाहन महाग मिळते. शनिवारी दुपारी बांधाबांध, रविवारी वाहतूक, सोमवारी सकाळी काम सुरू, ही रीत चांगली.

जुन्या जागेचा किराया शक्यतो एक महिना जास्त भरावा. तिथे एक माणूस बसवावा आणि दारावर नवा पत्ता खुणेसह लावावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना माणसानेच सांगितले पाहिजे. हा दुहेरी किराया पुष्कळांना वायफळ वाटतो. समजा, महिन्याचा किराया चार हजार आहे आणि एका गिऱ्हाइकामागे वर्षाला दोनशे रुपये सुटतात. चुकून परत जाणारी वीस गिऱ्हाइके वाचली तरी पैसे वसूल.

केर काढणाऱ्या बाईचे काय?

आता शेवटचा आणि आमच्या मते पहिला प्रश्न. कार्यालय हलते तेव्हा सर्वांना पत्र जाते. केर काढणाऱ्या बाईला आणि चहा आणणाऱ्या पोराला जात नाही. समजा, त्या बाईला महिना तीन हजार मिळतात. जुने कार्यालय तिच्या वस्तीला लागून होते. नव्या जागी जायला ऑटोचे वीस, यायला वीस. सव्वीस दिवसांचे झाले एक हजार चाळीस रुपये. म्हणजे तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा रस्त्यात गेला. तिने काम सोडले तर मालक म्हणतो, “बाईलाच काम नको होते.” ती बाई बहुधा आपल्याच वस्तीतील असते, आणि मालक आता कधी कधी आपल्यातलाच असतो. कार्यालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात टेम्पोची रक्कम लिहिता, तशी तिच्या भाड्याची रक्कमही लिहा.

जे दुसऱ्याच्या कार्यालयात नोकरी करतात त्यांनीही ध्यानात ठेवावे. जागा बदलली म्हणून नोकरी नव्याने सुरू होत नाही. मालक तोच असेल तर ग्रॅच्युइटीसाठी सेवा सलग धरली जाते. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच राहतो. “जुना राजीनामा द्या, नव्या जागेचा अर्ज भरा” असे कोणी म्हटले तर सही करण्यापूर्वी जाणकाराला विचारा. दहा वर्षांची सेवा एका सहीने पुसली जाऊ शकते.

मोठ्या संस्थांच्या जागा वरून ठरतात. मराठवाडा ग्रामीण बँकेचे मुख्य कार्यालय नांदेडला होते. विलीनीकरणे होत गेली आणि आज महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा मुख्य कारभार छत्रपती संभाजीनगरहून चालतो. ते ठरविणे लोह्याच्या खातेदाराच्या हाती नव्हते. परंतु आपली पतसंस्था, आपले सेवा केंद्र, आपल्या बचत गटाचे कार्यालय कुठे असावे हे आपण ठरवितो. तो अधिकार वापरताना, ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना आधी विचारावे. बैठकीत नकाशा मांडण्यापूर्वी त्या म्हाताऱ्या ठेवीदार बाईला एकदा नवी जागा दाखवून आणा. ती पायऱ्या चढली तर टेम्पो बोलवा.