ग्राहकराजाची हरवलेली चव

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांतून ग्राहकाला बाजारपेठेचे सार्वभौमत्व बहाल केलेले असते. ग्राहकाने मागावे, उत्पादकाने पुरवावे. ज्याला मागणी नाही त्याने बाजारातून उठावे, असा तो सरळ हिशेब. रत्नागिरीच्या बाजारपेठेत पन्नाशी उलटलेला एखादा गृहस्थ मे महिन्याच्या उकाड्यात दुकानातील शीतपेयांच्या कपाटापुढे उभा राहतो, तेव्हा या हिशेबातील चूक त्याला पुस्तकावाचूनच उमगते. त्याला हवे असते ‘गोल्ड स्पॉट’. त्याने ते कधी नाकारले नव्हते. तरीही ते नाही.

1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये भांडवलातील आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणण्याची अट मान्य न झाल्याने कोका-कोला कंपनी 1977 साली भारतातून बाहेर पडली. पुढील दीड दशक पारले कंपनीच्या पेयांचे होते. नारिंगी गोल्ड स्पॉट त्याआधीपासूनच होते. ‘थम्स अप’ त्याच वर्षी आले. 1993 साली कोका-कोला परतली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा व माझा ही पाच नावे पारलेकडून विकत घेतली. नावांबरोबरच देशभरच्या बाटलीभरण कारखान्यांपर्यंत पोहोचण्याची तयार वाटही तिच्या हाती आली.

यांपैकी थम्स अप टिकले, गोल्ड स्पॉट मात्र पुढील काही वर्षांत दिसेनासे झाले. हा चवीचा न्याय नव्हता. थम्स अप बंद केले असते तर त्याचा ग्राहक पेप्सीकडे वळण्याचा धोका होता. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या भयाने ते जगले. गोल्ड स्पॉटच्या जागी मात्र मालकाचेच ‘फँटा’ उभे होते. ग्राहक रुसला तरी घरातल्या घरातच राहणार होता. मुंबईत दिनशाजी पांडोळे यांनी 1889 साली स्थापन केलेल्या ‘ड्यूक्स’चीही गत फारशी निराळी झाली नाही. 1994 साली ती पेप्सीकडे गेली आणि तिच्या आंब्याच्या ‘मँगोला’ला नव्या मालकाच्या ‘स्लाइस’शी सवतीप्रमाणे नांदावे लागले.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर यात अन्याय नाही. प्रत्येक नावामागे जाहिरात, वाहतूक आणि दुकानातील जागा यांचा खर्च असतो. दोन सारखी पेये पोसण्यापेक्षा एक पोसणे स्वस्त. प्रश्न आहे तो नोंदीचा. गोल्ड स्पॉट न मिळालेला माणूस फँटा घेतो आणि नारिंगी पेयाची विक्री आकडेवारीत अबाधित दिसते. जे विकले गेले त्याची मोजदाद होते; जे मिळालेच नाही त्याची होत नाही. ग्राहकराजाचे मत मतपेटीत पडते खरे, पण उमेदवारांची यादी दुसराच कोणी ठरवतो.

नाव एका मालकाचे असले की हे अटळ असते. पुण्यात 2009 पासून जागेवरच बिअर तयार करणाऱ्या लहान भट्ट्या निघाल्या. तेथेही एखादी भट्टी बंद झाली की तिची बिअर तिच्याबरोबरच संपते. उलट, मालकाच्या मनात आले तर मेलेले नाव उठूनही बसते. ‘कॅम्पा’ हे जुने नाव रिलायन्सने 2022 साली घेतले आणि 2023 साली बाजारात आणले. मरणही मालकाच्या हाती आणि पुनर्जन्मही.

रत्नागिरीने या कथेतून घ्यावयाचा बोध येथेच आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याच्या काजूफेणीला ते 2009 सालीच लाभले होते. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याने असे नाव विकण्यास, गहाण ठेवण्यास वा भाड्याने देण्यास मनाई केली आहे. गोल्ड स्पॉट विकत घेऊन मिटवता आले. ‘रत्नागिरी कोकम’ हे नाव कोणत्याही भांडवलदाराला त्या रीतीने मिटवता येणार नाही. ते मुलखाचे आहे.

मात्र मनाई ही नावाच्या विक्रीला आहे, चवीच्या मरणाला नाही. मानांकनाचे दर 10 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि ते नाव वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. पाऊस तोंडावर आला असताना रातांबे उतरवणे, फोडणे, अमृत कोकमासाठी साखरेत मुरवणे, आगळासाठी मिठात ठेवणे, ही कष्टाची कामे करणारे हात घराघरांतून कमी झाले, तर कागदावर नाव सुरक्षित राहील आणि बरणी रिकामी राहील. बचतगटांनी आणि सहकारी संस्थांनी लहान उत्पादकांची नोंदणी एकत्रितपणे करून घेणे, उपाहारगृहांनी बाटलीबंद पेयांच्या शेजारी कोकम सरबताला हक्काची जागा देणे, या गोष्टी अवघड नाहीत.

गोल्ड स्पॉटच्या वेळी रत्नागिरीच्या ग्राहकाला कोणी विचारले नव्हते. कोकमाच्या बाबतीत निर्णय त्याच्याच हाती आहे. ही चवही उद्या नाहीशी झाली, तर परक्या कंपनीकडे बोट दाखविण्याची सोय त्याला उरणार नाही.