तुमचा मेंदू डावा की उजवा?

दहावीचा निकाल लागला की धनज बुद्रुक असो की पुणे, घराघरांत एकच चर्चा. सायन्स, आर्ट्‌स की आयटीआय? त्यात आता एक नवं खूळ शिरलंय. ‘मी राइट ब्रेनवाली, मला चित्रं जमतात, गणित नाही.’ ‘तो लेफ्ट ब्रेनवाला, त्याला सायन्सच घ्यायला लावा.’ मोबाइलवर दहा प्रश्न सोडवले की कळतं म्हणे. कुणी तर बोटांचे ठसे घेऊन हे सांगतात आणि वर पैसेही घेतात.

यात खरं किती?

मेंदूचे दोन अर्धगोल असतात आणि डोळ्यांनी पाहिलेलं ते वेगवेगळ्या पद्धतीनं हाताळतात, एवढं खरं. समोर एका बिंदूवर नजर रोखा. त्या बिंदूच्या डावीकडचं दृश्य, दोन्ही डोळ्यांतून, आधी मेंदूच्या उजव्या भागात पोचतं. उजवीकडचं डाव्या भागात. आपल्याला हे जाणवत नाही, कारण दोन्ही भागांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा जाड पट्टा ही माहिती क्षणात इकडून तिकडे नेतो.

फिट्‌सचा फारच त्रास असलेल्या काही रुग्णांमध्ये डॉक्टरांनी हा पट्टाच कापला. अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी अशा रुग्णांना पडद्याच्या डाव्या बाजूला क्षणभर एक शब्द दाखवला. काय दिसलं? ‘काहीच नाही,’ असं उत्तर यायचं. पण त्यांचा डावा हात पडद्याआड चाचपून नेमकी तीच वस्तू उचलायचा! उजव्या भागानं शब्द पाहिला होता, पण बोलणं डाव्या भागाकडे. या कामासाठी स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

चेहरे ओळखण्यात उजव्या भागाचा वाटा मोठा, अक्षरं ओळखण्यात डाव्याचा. छोट्या छोट्या ‘ज’ अक्षरांची रांगोळी घालून एक मोठा ‘न’ काढलाय असं समजा. मोठा ‘न’ पकडण्यात उजवा भाग पटाईत, बारीक ‘ज’ टिपण्यात डावा.

म्हणजे वाचन हे डाव्या भागाचं काम, झालं तर मग? तसंही नाही. हरयाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाचणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, देवनागरी वाचताना डाव्या भागासोबत उजव्या भागातल्या जागाही कामाला लागलेल्या दिसल्या.

असं का, ते आपल्या आसपासच्या नावांतच बघा. ‘धनज’ सरळ आहे, डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की झालं. ‘वाशिम’मधली वेलांटी मात्र ‘श’च्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. आणि ‘मूर्तिजापूर’? उकार खाली, रफार वर, वेलांटी आधी. इंग्रजीसारखी अक्षरं एका रांगेत येत नाहीत. कुठली खूण कुठे बसलीय हेही डोळ्यांना पाहावं लागतं. अक्षर ओळखायचं आणि जागाही टिपायची, म्हणून दोन्ही भाग कामाला. अभ्यास हिंदीचा असला तरी लिपी आपलीच.

आता राहिला ‘राइट ब्रेनवाली’चा प्रश्न. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे मेंदू स्कॅन तपासले गेले. २०१३ मध्ये निष्कर्ष आला. काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे खरं, पण एखाद्या माणसाची अख्खी डावी किंवा अख्खी उजवी बाजू जोरात चालते, असं आढळलं नाही. बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखण्याला तर शास्त्रीय आधारच नाही.

तेव्हा मोबाइलवरच्या टेस्टनं ‘तुम्ही राइट ब्रेन’ म्हटलं म्हणून सायन्सचा फॉर्म फाडू नका, नि ‘लेफ्ट ब्रेन’ म्हटलं म्हणून चित्रकलेची वहीही बंद करू नका. गणित अडत असेल तर नेमकं कुठल्या धड्यात अडतंय ते शोधा आणि त्या विषयाच्या सरांना जाऊन विचारा. ठशांच्या रिपोर्टला द्यायचे पैसे वाचतील, त्यात पुढच्या वर्षीची पुस्तकं घ्या.