एक खेडे, तीन ग्रंथ

एकाच विषयावरील तीन जुने ग्रंथ महिन्याभरात लागोपाठ वाचले, तर आनंद मिळतोच; शिवाय पक्की वाटणारी मतेही थोडी डळमळतात. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३), त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचा दख्खनमधील एका खेड्याची जमीन व श्रम यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ (१९१७), ही असे वाचन घडविणारी पुस्तके होत. महाराष्ट्रातील शेतकरी दरिद्री का, या प्रश्नाभोवती तिन्ही फिरतात.

फुले धर्माच्या नावाने होणारी लूट आणि सरकारी नोकरशाहीची मनमानी यांवर आसूड ओढतात. पण केवळ संतापून थांबत नाहीत, बांधबंधारे आणि शिक्षण हे उपायही सांगतात. आत्रे बलुत्याअलुत्यांचा व्यवहार इतक्या बारकाईने उलगडतात, की स्वयंपूर्ण, सुखी खेड्याच्या रम्य कल्पनेला तडा जातो. फिरस्त्यांविषयीची त्यांची भाषा मात्र आज कठोर वाटल्यावाचून राहत नाही. मॅन मोजणी करतात. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर येथे १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते. १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले.

परीक्षेच्या मार्गदर्शिकांत दारिद्र्याची कारणे क्रमांकवार दिलेली असतात. विद्यार्थी ती पाठ करतो आणि विसरतो. मूळ ग्रंथांत मात्र हीच कारणे एकमेकांशी वाद घालताना दिसतात. तक्त्यांत अपमानाची नोंद होत नाही, ती फुले करतात. जमिनीचे तुकडे किती वेगाने पडले, हे मात्र मोजणीवाचून कळत नाही. कोणत्याही एका ग्रंथावर विसंबणारा वाचक अर्धेच खेडे पाहतो.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे एकरांऐवजी चौरस फुटांचा हिशेब चालतो. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे. तेव्हा हे ग्रंथ जुने झाले असले, तरी त्यांतील प्रश्न जुना झालेला नाही. शिक्षकांनी टिपणे उतरवून देण्यापूर्वी यांपैकी एक तरी ग्रंथ वर्गात उघडून दाखवावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.